दारू एकदम न सोडता कमी करायला मदत करील असा थेरपिस्ट गोव्यात कसा शोधावा?

तुमच्या भावाला दोन ठिकाणांहून 'आधी बंद कर, मग ये' असं सांगून परत पाठवलं, हे वाचलं म्हणून लिहितोय. ताप उतरला की दाखवायला आणा, असं कुठला डॉक्टर सांगतो?

'हार्म रिडक्शन' (पूर्ण बंदीचा हट्ट न धरता पिण्यातलं नुकसान कमी करणं) ही पाटी दारावर शोधत बसू नका. माणूस फोनवरच ओळखायचा. अपॉइंटमेंट घेण्याआधी एवढंच विचारा: 'सेशनच्या आदल्या आठवड्यात प्यायलो असं खरं सांगितलं, तर तुम्ही काय करता?' कामाचा माणूस म्हणेल, किती, कितीला सुरू केली, कोणाबरोबर, पोटात काही होतं का, ते बघू. बिनकामाचा म्हणेल, मग उपयोग काय? 'पिऊन येऊ नका' ही अट मात्र रास्त आहे, ती ऐकून बिचकू नका. झिंगलेल्या माणसाशी बोलणं पाण्यातच जातं. पण काल प्यायला म्हणून आज दार बंद, हे चालणार नाही. दुसरा प्रश्न, ध्येय कोण ठरवणार? 'तुम्ही ठरवा, धोका कुठे आहे ते मी सांगेन' हे बरोबर उत्तर. तिसरा, घरच्यांना काय कळवणार? मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते. भाऊ सज्ञान आहे, तेव्हा बहीण असलात तरी त्याच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सगळं सांगायचं नसतं. हे आधीच पचवून घ्या.

मग आकडे. जो थेरपिस्ट नुसतं 'थोडी कमी करा' म्हणतो आणि मोजायला शिकवत नाही, त्याची फी वाया. 42.8 टक्क्यांची काजू फेणी 30 मिली घेतली की साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल होतं, त्याला एक युनिट धरा. क्वार्टर (180 मिली) म्हणजे सहा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली म्हणजे चार, त्यामुळे 'मी फक्त बियर घेतो' या वाक्याला अर्थ नाही. हुर्राक (काजूचीच, फेणीच्या आधीची दारू) हलकी म्हणून लिमका घालून ग्लासांनी जाते. ती 15 टक्क्यांची धरली तरी 200 मिलीत दोनाहून जास्त युनिटं. पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं, आणि तेही ओतायच्या आधी. ओतल्यावर लिहितो म्हणणाऱ्याची वही तिसऱ्या पेगनंतर कोरी राहते. घरी पेग मापाने ओता, कारण डोळ्यांच्या अंदाजाने साठचा नव्वद होतो. त्यानंतर आधी वेळ पुढे ढकलायची, मग युनिटं. संध्याकाळी सहाची सुरुवात जेवून आठला नेली, तर बाकीचं बरंचसं आपोआप होतं. त्या रात्री स्कूटरची चावी दुसऱ्याकडे, हेही हार्म रिडक्शनच.

'कमी करणं ही पळवाट आहे' म्हणणाऱ्यांना एक सांगतो. एक घोट घेतला की सगळं संपलं, असं शिकवलेला माणूस घोट घेतल्यावर बाटलीच संपवतो, कारण वाचवण्यासारखं काही उरलं नाही असं त्यालाच वाटतं. आणि 'गोव्यातल्या बेबद्याशी (बेवड्याशी) बोलून काय होणार' म्हणणाऱ्यांनी पर्वरीच्या 'संगत' या मानसिक आरोग्यातल्या संस्थेचं काम बघावं. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ऑडिट चाचणीत (पिण्याबद्दलची प्रश्नावली, गुण जास्त तितका धोका जास्त) 12 ते 19 गुण असलेल्या पुरुषांशी डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार सेशनं केली. तीन महिन्यांनी गुण 8 च्या खाली आलेले 36 टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत 26. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली आलंय. यश मोजलं ते गुण उतरण्यावर.

जेवणात गुपचूप पावडर घालायला सांगणारा भेटला, तर तिथूनच उठा. ती बहुधा डायसल्फिराम असते. त्यावर दारू पडली की चेहरा लालबुंद, धडधड, रक्तदाब खाली, आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. रुग्णाला न सांगता देण्याचं ते औषध नव्हे.

थेरपिस्टची पाटी कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. औषध फक्त डॉक्टरने द्यायचं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ जोडीला हवाच. त्याला नाल्ट्रेक्सोन या दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा (सहसा 50 मिलीग्रॅम रोज). ते पिणं चालू असतानाही देता येतं, पण आधी लिव्हरची तपासणी हवी, आणि ट्रामाडोलसारखी अफूवर्गातली वेदनाशामक गोळी चालू असेल तर नाही. खिशाला खाजगी परवडत नसेल तर बांबोळीच्या आयपीएचबीची (सरकारी मानसोपचार इस्पितळाची) ओपीडी आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, चोवीस तास आणि फुकट.

हे खरं तर वर लिहायला हवं होतं: सकाळी हात थरथरत असतील, पूर्वी दारू थांबल्यावर फिट आली असेल किंवा नसलेल्या गोष्टी दिसल्या असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, झपाट्याने कमीही करू नका. फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते, भ्रम दोन ते चार दिवसांत. अशा वेळी सरळ इस्पितळ. लिव्हर सिरॉसिस किंवा स्वादुपिंडाला सूज असेल तर पूर्ण बंदच हवी, त्यात मी वाद घालणार नाही. पण तसल्या माणसालाही 'बंद करून ये' सांगून दारातून परत पाठवायचं नसतं.

दोन सेशनांत थेरपिस्टने भावाची वही उघडून बघितली नाही, तर तिसऱ्याचे पैसे भरू नका.