हरवलेल्या मुलावर रहस्यकादंबरी लिहितोय. पोलीस आधी 24 तास थांबायला सांगतात, असं दाखवलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नववीतला मुलगा शाळेतल्या छळाला कंटाळून नाहीसा होतो. पोलीस त्याच्या आईवडिलांना म्हणतात, "24 तास वाट बघा, येईल." तेवढ्या वेळात वर्गातल्या दोन मैत्रिणी त्याचा माग काढतात. कुमारवयीन वाचकांना हे खरं वाटेल का?

नाही वाटणार. आणि वाटलं तरी लिहू नका, ही कळकळीची विनंती. तुमचा वाचक तेरा-चौदा वर्षांचा आहे. उद्या त्याचा मित्र संध्याकाळी घरी पोचला नाही, तर तुमच्या पुस्तकातले 24 तास खरे मानून तो गप्प बसेल.

मध्य रेल्वेच्या एका मोठ्या जंक्शनवर, घरातून निघून आलेल्या मुलांसाठीच्या मदत कक्षात मी 11 वर्षं काम केलं. त्या कामातून कळलं ते सांगते.

मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा आणि कुणीतरी पळवलं असावं असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी दिला आहे. मोठ्या माणसाची नुसती 'मिसिंग', म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद, दाखल होते, तसं मुलाचं होत नाही. जुने हवालदार अजून "363 लावला" म्हणतात, ते भारतीय दंड संहितेतलं अपहरणाचं कलम. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 137 आलं. तेव्हा तुमची गोष्ट कोणत्या साली घडते ते आधी ठरवा, नाहीतर ठाणे अंमलदाराच्या तोंडी चुकीचा आकडा जाईल. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. अजून एक घोटाळा लिहिणारे हमखास करतात. स्टेशनवर आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, वेगळं आणि लोहमार्ग पोलीस वेगळे. आरपीएफ केंद्राचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे. एकटं फिरणारं मूल बऱ्याचदा आरपीएफला दिसतं, पण अपहरणाचा गुन्हा त्यांच्याकडे दाखल होत नाही.

पोलीस पहिल्याच रात्री कामाला लागले तर तुमच्या दोघींना करायला काय उरलं, असं तुम्हाला वाटेल. खूप उरतं.

तपासी अंमलदार सीडीआर, म्हणजे फोनवरच्या कॉलची यादी, मागवतो, फोन शेवटचा कोणत्या टॉवरवर होता ते बघतो, रिक्षास्टँडपासून फलाटापर्यंतचं सीसीटीव्ही फुटेज चाळतो. मुलगा फोन गादीखाली ठेवून गेला असेल, तर यातलं निम्मं काम जागीच थांबतं. मग उरतो वर्ग, आणि वर्ग बोलत नाही. मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या कपड्यांत असावं असा नियम आहे. तसे ते येतात, प्रेमाने विचारतात, आणि चाळीस मुलं एकच वाक्य म्हणतात, "तसं काही नव्हतं सर, मस्करी चालायची." तुमचं रहस्य इथे आहे. मुलगा कुठे आहे ते पोलीस शोधतील. तो का गेला हे चाळीसही जणांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तुमच्या त्या दोघींनासुद्धा. त्यांना निव्वळ हुशार आणि निर्दोष ठेवू नका. एक कधीतरी हसली असेल, दुसरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळं वाचून गप्प राहिली असेल. माग काढता काढता त्या स्वतःपाशी येऊन पोचल्या, तर पुस्तक खाली ठेववणार नाही.

'बुलिंग' शब्द वापरा, पण मुलांच्या तोंडी कमी. मुलं नाव पाडतात, टपल्या मारतात, डबा पळवतात. यातलं काहीच न करता होणारा जो सगळ्यात वाईट प्रकार आहे, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: वाळीत टाकणं. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. वर्गाने एका मुलाला वाळीत टाकलं, तर प्रगतिपुस्तकावर 'वर्तणूक चांगली' असाच शेरा येतो.

असा एक मुलगा आमच्याकडे आला होता. ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते. निघून आलेलं मूल फलाटावर एकटं बसत नाही. एखाद्या कुटुंबाच्या शेजारी बसतं, त्यांच्यातलंच वाटावं म्हणून. हाही तसाच बसला होता, आणि ते कुटुंब गाडीत चढून गेल्यावर चहावाल्याच्या लक्षात आला. अंगात घरचा शर्ट, पायात मात्र शाळेचे बूट. नाव खोटं सांगितलं, गावही खोटं. दोन वडापाव खाल्ल्यावर हळूहळू खरं बोलला. वर्गात त्याच्याशी 19 दिवस कुणी बोललं नव्हतं. त्याने खोडरबर मागितला की शेजारचा तिसऱ्याला विचारायचा, "कुठून आवाज आला का रे?" भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर तो रोज एक रेघ मारत होता. घरच्यांनी दप्तर उपसलं तेव्हा ती वही चाळली होती, पण रफ काम समजून ते पान उलटलं. मी विचारलं, बाईंना का नाही सांगितलंस? म्हणाला, "मारलं असतं तर सांगता आलं असतं, ताई. हे काय सांगणार?"

त्या रेघा तुमच्या कादंबरीत घ्या, माझी हरकत नाही. घरच्यांच्या हातून निसटलेली आणि वर्गातल्या मुलीला एका नजरेत कळणारी खूण अशीच असते.

शेवटी मृतदेह सापडवू नका. रहस्यकथेला तो सोयीचा पडतो हे मला कळतं. पण असाच त्रास सोसणारं एखादं मूल ते पुस्तक वाचत असेल, आणि त्याला त्यात दिसेल की मेल्यावरच सगळे रडले, मेल्यावरच माफी मागितली. ही कल्पना त्या वयात फार ओढते. तुमचा मुलगा जिवंत सापडू द्या. मधल्या काही प्रकरणांत त्यालाही बोलू द्या, नाहीतर ज्याच्यावर पुस्तक आहे तोच त्यात नुसता फोटो होऊन राहतो. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस, फुकट लागतो. तो गोष्टीत कुणाच्या तरी हातून लावला जाऊ द्या.

गंमत म्हणजे कायद्यात 24 तास खरोखरच आहेत, पण ते मूल सापडल्यानंतरचे. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं; मुलाचं पुढे काय करायचं ते ही समिती ठरवते. ते तास तुमच्या कामाचे आहेत. मुलाच्या फोटोचा 'हरवला आहे' मेसेज तोवर सगळीकडे फिरलेला असतो आणि तो कुणालाच मागे घेता येत नाही. ज्या ग्रुपमधून मुलाला काढलं होतं, त्यातही तो येऊन पडलेला असतो.

त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. त्याला जवळ घेऊन रडली, वडील दारातच उभे राहिले. तो आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "ताई, सोमवारी शाळेत जावं लागेल का?" तुमच्या कादंबरीचा शेवटचा भाग तिथून सुरू करा.