२१६ च्या जागी २३५ बसतं, पण आधी आरटीओ

प्रश्न डिचोलीच्या मित्राचा आहे. युद्धकाळातला कॅनेडियन शेवरलेट ट्रक, चोर्ला घाटात धापा टाकतो, बेअरिंगांत ओतलेला मऊ धातू, म्हणजे व्हाइट मेटल, संपलेला. बॉनेट उघडलं तरी पटकन लक्षात येणार नाही असं दमदार इंजिन कोणतं?

शेवरलेटचंच २३५ घनइंची इंजिन घ्या, पण १९५४ किंवा त्यानंतरचं. तुमचं २१६ घनइंची, ८५ हॉर्सपॉवरचं. त्यात कनेक्टिंग रॉडना ऑइल दाबाने पोचत नाही, रॉडखालचे चमचे ते उचलून घेतात. सावकाश चालवलं तर तक्रार नाही. हायवेला दामटलं की रॉड वाजायला लागतात, आणि व्हाइट मेटल ओतणारा कारागीर आता मिळायचा कुठे? चौपन्नपासूनच्या २३५ ला सुटे, बदलता येणारे बेअरिंग शेल आणि पूर्ण दाबाचं ऑइल. घराणं एकच, म्हणून चेहराही तोच.

भंगारवाला "चौपन्नचंच आहे" म्हणेल. म्हणू दे. रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, वरून मधोमध दोन नटांवर धरलेलं असेल तर जुनं. खालच्या कडेला चार स्क्रू असतील तर बोलणी पुढे न्या. तरी पैसे मोजण्याआधी फ्युएल पंपामागचा ब्लॉकवर ओतीव असलेला कास्टिंग नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचाच.

बसवताना घोळ पुढच्या बाजूला होतो. १९५५ पासूनचा वॉटर पंप तुमच्या रेडिएटरशी जमत नाही. अडॅप्टर प्लेट लावून जुनाच पंप बसवा. सहा व्होल्टचा स्टार्टर ठेवणार असाल तर फ्लायव्हील १३९ दात्यांचं हवं, बारा व्होल्टवाल्याला १६८ असतात. ऑइलच्या दाबाचा जुना मीटर ३० पौंडांवर संपत असेल तर नव्या इंजिनाच्या जास्त दाबाने काटा टोकाला चिकटून बसेल, घाबरू नका.

त्याच घराण्यातल्या मोठ्या २६१ च्या नादाला लागू नका. ताकद जास्त खरी, पण त्याच्या ब्लॉकला वाफेची भोकं असतात. तशी भोकं न पाडता २३५ चं हेड चढवलं तर तापतं. शिवाय गिअर तेच, ब्रेक ड्रम तेच. २३५ ने वेग फारसा वाढणार नाही, चढाला दम मिळेल, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

सगळ्यात आधी मात्र आरटीओ. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांवरच्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीला. व्हिंटेज नोंदणीचा व्हीए नंबर हवा असेल तर २१६ च दुरुस्त करा. नको असेल तरी ते भंगारात घालू नका, ग्रीस लावून पावसापासून आडोशाला ठेवा; उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाईक पहिलं तेच विचारील.