चिऱ्यांच्या भिंतीला न्हाणीघरात गिलावा: माल कालवण्याआधीचं काम

गोव्यातल्या फोंड्याकडचं चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडांचं जुनं घर, ५ × ७ फुटांची न्हाणी, जुन्या टाइल्स काढून झाल्यात. मागे कुठे टणक सिमेंटचा गिलावा निघालाय, कुठे मऊ पडलेला चुन्याचा, आणि तळच्या दीड-दोन फुटांत पांढरा खार, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटलेलं मीठ. जो गिलावा भिंत धरून आहे तो तसाच ठेवून वर नवा थर दिला तर चालेल का, माल किती लागेल आणि टाइल्स कधी लावायच्या, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. या न्हाणीत सगळा जुना गिलावा चिऱ्यापर्यंत उतरवा. चुन्याचा थर मऊ, सिमेंटचा कडक. सिमेंट वाळताना आकसतं आणि ती ओढ मागच्या चुन्यावर येते. चुना ती पेलत नाही, भिंतीपासून सुटतो. वर टाइल आणि ती चिकटवण्याच्या मसाल्याचं चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास वजन लटकलेलं असतं. मग दोन-तीन वर्षांनी पूर्ण पापुद्राच एकदम पुढे येतो. टणक वाटणारे सिमेंटचे तुकडे ठेवण्याचा मोह होईल, पण जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर पुढे चीर पडते, आणि एवढ्याशा जागेत असे सांधे किती होतील ते पाहा. १५० चौरस फुटांसाठी ती जोखीम घेऊ नका.

उतरवायला छिन्नी आणि एक किलोची हातोडी पुरे. ब्रेकर मशीन लावू नका. जुन्या घरांत चिरे बऱ्याचदा मातीत बांधलेले असतात. मशीनच्या हादऱ्याने दर्जांमधली, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांतली माती गळते आणि चिरा सैल होतो. गिलावा निघाला की दर्जा किमान १० मिमी, मातीच्या असतील तर २० मिमी खोल उकरा, सुक्या ब्रशने झाडा, ओल्या करा आणि १:४ मालाने (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) दाबून भरा. भिंतीवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, तोही माती बाहेर काढतो. आता चिरे बारकाईने तपासा. जांभ्याच्या भोकांत पिवळी-पांढरट चिकणमाती असते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. जिथे सहज आत जातो तिथली माती कोरून काढा. मोठा खड्डा नुसत्या मालाने भरला तर तो आकसून फुटतो, म्हणून त्यात चिऱ्याचे किंवा जुन्या टाइलचे तुकडे ठोकून बसवा.

खाराचं वेगळं बघायला हवं. तो पाण्याने धुऊ नका. धुतला की विरघळून परत चिऱ्यात शिरतो आणि भिंत वाळताना पुन्हा वर येतो. सुक्या तारेच्या ब्रशने घासा, खाली पडलेली भुकटी गोळा करून घराबाहेर टाका. मग एक फूट चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगावर दव असेल तर ती हवेतली ओल आहे, गोव्यात पावसाळ्यात ती असणारच. आतल्या अंगावर पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय, आणि ते कुठून येतं हे कळेपर्यंत गिलाव्याला हात लावू नका. आधी बाहेर जाऊन पाहा: वर्षानुवर्षं भराव पडून अंगणाची पातळी न्हाणीच्या जमिनीपेक्षा वर गेलीय का, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी आपटतंय का, पश्चिमेची बाजू उघड्या चिऱ्यांची असून पाऊस थेट झेलतेय का. आत मोरीचा ट्रॅप आणि जुनी लोखंडी पाइप तपासा. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. बाहेरची वाट बंद न करता आतून वॉटरप्रूफिंग केलं तर ओल भिंतीतून आणखी वर चढते आणि शेजारच्या खोलीत उमटते. जमीन खाली घेणं, पन्हळ लावणं, बाहेरच्या दर्जा भरणं ही कामं आधी.

नळ आणि वीज गिलाव्याच्या आधीच. खाचा ग्राइंडरने दोन समांतर रेघा कापून मधला भाग छिन्नीने काढा. आडवी खाच भिंतीच्या जाडीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको, उभी तिसऱ्या भागापर्यंत चालते. म्हणजे २३ सेंमीच्या भिंतीत आडवी खाच साधारण पावणेचार सेंमी. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपचे सांधे चिकटवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग हातपंपाने दाब देऊन पाइप रात्रभर तसाच ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल तर सांधा गळतोय. हे गिलाव्याआधी कळलं तर अर्ध्या तासाचं काम, नंतर कळलं तर टाइल फोडा. नळ-शॉवरमध्ये पाणी वळवणारा डायव्हर्टर भिंतीत बसतो; त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. गिलावा २० मिमी, मसाला ४-५, टाइल ८-९ असं धरून डायव्हर्टर बसवा. इथे चूक झाली तर वरची चकती टाइलला टेकत नाही किंवा हँडल बसतच नाही. विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या, अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय गिझर जोडू नका. भरलेल्या खाचांवर, आणि काँक्रीटची बीम वा लिंटेल चिऱ्याला मिळते तिथे, दोन्ही बाजूंना १५ सेंमी जाईल अशी गॅल्व्हनाइज्ड जाळी ठोका. किनारपट्टीच्या हवेत साधी काळी तार दोन पावसाळ्यांत गंजते.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथून पुढे. चिरा पाणी हावरेपणाने शोषतो. कोरड्या चिऱ्यावर माल थापला की मालातलं पाणी चिरा ओढून घेतो आणि सिमेंट घट्ट होण्याआधीच तहानलेलं राहतं. वरून गिलावा चांगला दिसतो, नखाने खरवडला तर भुकटी होते. म्हणून आदल्या संध्याकाळी भिंत थांबून-थांबून तीन-चार वेळा भिजवा आणि थापायच्या अर्धा तास आधी पुन्हा एकदा. थापताना भिंत गडद रंगाची असावी, पण चकाकणारी नको. चमकतेय म्हणजे वर पाणी साचलंय, त्यावर माल घसरेल.

भिजलेल्या भिंतीवर आधी छपका मारायचा: एक भाग सिमेंट, दोन भाग जाड वाळू, पातळ कालवून थापीने जोरात फेकायचा. ३ ते ५ मिमी जाडीचा, खरखरीत, जागोजागी चिरा दिसत राहील असा. सपाट करू नका, हा थर फक्त पकड देण्यासाठी आहे. २४ तासांनी शिंपडून ओला ठेवायला लागा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गिलाव्याला घ्या. काही जण याऐवजी एसबीआर लॅटेक्स (रबराचं दुधासारखं द्रव) आणि सिमेंटची पातळ लापशी ब्रशने लावतात. तेही चालतं, पण ते चिकट असतानाच वर गिलावा पडायला हवा. ते वाळलं तर पकड देण्याऐवजी सुटण्याचा थर तयार होतो. नवख्या हाताला छपकाच बरा, घाई होत नाही.

माल किती? ५ × ७ च्या न्हाणीचा परीघ २४ फूट. ७ फूट उंचीपर्यंत, दाराची जागा वजा करून साधारण १५० चौरस फूट, म्हणजे १४ चौरस मीटर. चिऱ्याच्या खडबडीत भिंतीवर सरासरी २० मिमी धरा, खड्डे आणि नासाडीसाठी पाव भाग वर. १:४ प्रमाणाने ५० किलोच्या तीन पिशव्या सिमेंट आणि चाळलेली १३ घनफूट वाळू लागते. छपक्यासाठी आणि चाळण्यातल्या घटीसाठी चार पिशव्या आणि १८ घनफूट मागवा. पिशवीभर सिमेंट ३५ लिटर भरतं, म्हणजे पिशवीला रंगाच्या २० लिटरच्या सात बादल्या वाळू. घमेल्याने मोजू नका, प्रत्येक घमेलं वेगळं भरतं. ओली वाळू फुगते, त्यामुळे पावसात भिजलेली वाळू मोजली तर बादलीत वाळू कमी आणि हवा जास्त येते; भिजलेली असेल तर प्रत्येक भागाला पाचवा हिस्सा वाढवा.

वाळू कुठली, हे विचारूनच घ्या. मांडवी आणि झुआरीच्या खालच्या पात्रात भरतीचं खारं पाणी बरंच आत येतं, तिथल्या वाळूत मीठ असतं. किनाऱ्यावरची वाळू तर मुळीच नको, ती काढायला बंदीही आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं, खार परत फुटतो, जाळी गंजते. शंका असेल तर गोड्या पाण्याने धुऊन घ्या. मातीसाठी सोपी चाचणी: काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, हलवून तीन तास ठेवा. वरचा मातीचा थर वाळूच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू परत पाठवा. खडीच्या कारखान्याची प्लास्टरसाठीची वाळू मिळाली तर उत्तम. कालवायलाही गोडं पाणीच. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी चवीला मचूळ लागलं तर वापरू नका.

थापण्याआधी भिंती काटकोनात आणा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंमी, दुसरीवर १२० सेंमीची खूण करा. दोन खुणांतलं अंतर १५० सेंमी असेल तर कोन बरोबर. जुन्या घरात बहुधा नसतो. ओळंबा सोडून सगळ्यात पुढे आलेला चिरा शोधा, तिथे १२ मिमी जाडी धरून त्या पातळीत मालाचे बाकीचे लेव्हलचे ठिपके दीड मीटरच्या आत लावा. एखादा कोपरा ३५-४० मिमी आत असेल तर एका थरात भरू नका. एका वेळी १५ मिमी ही मर्यादा. त्याहून जाड माल स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि आडव्या भेगा पडतात. पहिला थर खरवडून रेघोट्या मारा, दुसऱ्या दिवशी ओला करून दुसरा द्या.

माल कोरडाच दोन-तीनदा उलटून एकसारख्या रंगाचा करा, मग पाणी. वॉटरप्रूफिंगचं द्रव घालायचं तर पिशवीला साधारण २०० मिली, त्या पाण्यातच मिसळून. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवायचा, घट्ट झाल्यावर परत पाणी घालून कालवायचा नाही. म्हणून नवख्याने पाच लिटरच्या डब्याने मोजावं: एक डबा सिमेंट, चार डबे वाळू. १५ मिमी जाडीने यात सव्वा चौरस मीटर होतं. माल थापीने फेकायचा, लोण्यासारखा पसरवायचा नाही. फेकला की मागची हवा निघते. ठिपक्यांवरून फळी खालून वर, डावी-उजवीकडे हलवत ओढा. थोडा आवळला की लाकडी रंध्याने (गवंड्याच्या मुठीच्या फळीने) गोल फिरवून सोडून द्या. टाइलखाली नीरू (गुळगुळीत वरचा हात) नको, पुट्टी नको, घोटाई नको, आणि जिप्सम किंवा पीओपी तर अजिबात नको: पाणी लागलं की ते मऊ होतं. ओला दिसतोय म्हणून वर कोरडं सिमेंट शिंपडलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. हातमोजे घाला, सिमेंटने कातडी भाजते.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस, एप्रिल-मेमध्ये दहा, दिवसातून तीनदा पाणी. गोणपाट टांगून भिजवत ठेवलं तर उत्तम. पंखा लावू नका. पावसाळ्यात हवा दमट असली तरी पाणी मारायचंच.

सात दिवसांनी नाण्याने सगळी भिंत ठोकून बघा. बद्द आवाज तळहाताहून मोठ्या जागेत आला तर तेवढा चौकोन कापून काढा आणि ओला करून, छपका मारून परत भरा. दोन मीटरची फळी लावून ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसते का तेही पाहा. चिकटवण्याच्या मसाल्याने मोठे खड्डे भरू नयेत. त्यानंतर भिंत वाळू द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत थापल्यापासून दोन-तीन आठवडे, जुलैमध्ये काम केलंत तर चार किंवा अधिक. वाळल्यावर तेच प्लास्टिक परत चिकटवा. आतलं अंग कोरडं निघालं की जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात मालाची गोलाई द्या आणि दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग दोन हात लावा, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. सगळीकडे एक फूट उंचीपर्यंत, शॉवरच्या भिंतींवर सहा फूट. जमिनीवर दोन दिवस पाणी साठवून शेजारच्या खोलीतली भिंत पाहा. तिथे काही उमटलं नाही तर टाइल्सचे खोके उघडा.