इंग्लंडमधे कौन्सिल किरायाची घरं तपासते, तसं नागपुरात महापालिकेनं करावं का? आणि त्याला पैसा कुठून आणायचा?

करावं. पैशावर येतो, पण आधी थोडं माझं ऐका, कारण या विषयावर मी दहा-अकरा वर्षांपासून घरातच भांडून राहिलो आहे.

२०१४ चा मे महिना. नंदनवनला आम्ही तिघं किरायानं राहायचो, आई, मी आणि लहान भाऊ. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, डोक्यावर सरळ गच्ची, दुपारी पंखा लावला की गरम हवाच अंगावर यायची. कूलर घरमालकाचाच होता, लोखंडी बॉडीचा, खिडकीबाहेर अँगलवर बसवलेला, किरायातच धरलेला. त्याला हात लावला की झिणझिण व्हायचं. घरमालक काकाजींना दोनदा सांगितलं, तर म्हणाले पाणी भरताना बटण बंद करत जा, चप्पल घालत जा. मग एका संध्याकाळी भाऊ पाइपनं पाणी भरत होता, फरशी ओली, बटण चालूच राहिलं होतं आणि तो कूलरला चिकटला. आईनं लाकडी पाट उचलून त्याच्या हातावर मारला म्हणून सुटला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण वळत नाहीत. पोट्टा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे मैदानावर पळायला जायचा. ते सगळं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आणला, त्यानं सॉकेट उघडून दाखवलं. वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. म्हणजे प्लग तीन पिनचा, आणि अर्थिंग अख्ख्या घरात कुठंच नाही. रॉड ठोकून, मीठ-कोळसा भरून, वायर वरपर्यंत ओढून बावीसशे रुपये लागले, ते मी दिले. नंतर मी दोन ऑफिसांत जाऊन आलो. एकात सांगितलं मीटरच्या पुढची वायरिंग मालकाची जबाबदारी, दुसऱ्यात सांगितलं घराच्या आतलं आमच्याकडे येत नाही.

आणि पावसाळ्यात एक ताई आल्या, डेंग्यूच्या सर्व्हेवाल्या. त्यांनी त्याच कूलरच्या टाकीत टॉर्च मारून अळ्या बघितल्या, पाणी ओतायला लावलं, नाव लिहून घेतलं. काम चोख केलं त्यांनी, माझी काही तक्रार नाही. पण मला तेव्हापासून हेच सुचून राहिलं आहे की माणूस कूलरपर्यंत तर पोचतोच! टाकीतलं पाणी बघायचं काम कोणाचं तरी आहे, टाकीच्या बाजूची वायर बघायचं काम कोणाचंच नाही.

आता पैसा. माझे भाऊजी, ताईचे मिस्टर, यांच्या मानेवाड्याला सहा खोल्या आहेत, सगळ्या पोट्ट्यांना किरायानं दिलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, मालकाकडून फी घ्याल तर किराया वाढेल आणि खर्च शेवटी किरायेदाराच्याच डोक्यावर येईल. मी म्हणतो दुरुस्तीचा पैसा मालकाला आधीच मिळतो. महापालिका कायद्यातल्या कराच्या नियमात करयोग्य मूल्य, म्हणजे घरटॅक्स ज्या आकड्यावर लागतो तो, काढताना वार्षिक भाड्यातून १० टक्के दुरुस्तीसाठी म्हणून वजा करतात. इन्कम टॅक्समधे तर किरायाच्या उत्पन्नातून ३० टक्के सरळ वजावट मिळते, एक बिल दाखवावं लागत नाही, एक खिळा ठोकला नाही तरी मिळते. मग दुरुस्ती झाली की नाही हे बघायला कोणी आलं तर त्यात अन्याय कुठं आला, सांगा ना भाऊजी. त्यांनी आजपर्यंत याचं उत्तर दिलेलं नाही.

इंग्लंडचं म्हणाल तर तिथं जनतेच्या करावरच सगळं चालत नाही. शेअरिंगच्या मोठ्या घरांना कौन्सिलचं लायसन्स लागतं, लंडनच्या न्यूहॅमनं २०१३ पासून जवळजवळ सगळ्याच खासगी किरायाच्या घरांना लावलं, फी मालकच भरतो. २०१७ पासून कौन्सिल कोर्टात न जाता ३०,००० पाउंडांपर्यंत दंड लावू शकायची आणि तो पैसा याच कामासाठी तिच्याकडेच राहायचा. खरी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे दंड महापालिकेच्या एकाच थैलीत जातो आणि तिथून पगारात, रस्त्यात कुठंही जातो. केंद्राकडून येणारा १५ व्या वित्त आयोगाचा पैसाही दहा लाखांवरच्या शहरांना हवा, पाणी आणि कचरा यांच्यासाठीच बांधून दिलेला होता. म्हणून फीच घ्यावी लागेल, आणि वेगळ्या खात्यात. करारनाम्याच्या नोंदणीला शहरात १००० रुपये लागतातच, तिथंच तपासणीचे थोडे जोडा.

पण नोंदणीच किती जण करतात? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे, तरी नोटरीवर भागवणारे खूप. आमचं तर नुसतं तोंडी होतं. तपासणीवाले हप्ता खातील ही भीती भाऊजी सांगतात ती मात्र खरी आहे, ते मी मानतो. आणि अजून एक, महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत तपासणीची सुरुवात घर खाली करायच्या नोटिशीनं झाली तर किरायेदारच रस्त्यावर येईल. म्हणून आधी वायरिंग, संडास, गळती बघा, इमारतीचं स्ट्रक्चर वेगळं ठेवा, ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी महापालिका कायद्यात तसंही वेगळं कलम आहे.

तुम्ही स्वतः किरायानं राहत असाल तर त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम १४ वाचा. मालकाला लेखी नोटीस द्या, १५ दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून किरायातून कापता येते, वर्षाच्या किरायाच्या पाव भागापर्यंत. आमचा किराया तेव्हा ४,५०० होता, म्हणजे १३,५०० पर्यंत कापता आले असते, मला हे कोणी सांगितलंच नाही. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मात्र हे कलम आपल्याला लागू आहे असं धरून चालू नये, आधी वकिलाला विचारा.

भाऊजी, तुम्ही हे वाचालच. मागच्या दोन खोल्यांचे सॉकेट अजून उघडून बघितलेले नाहीत, ताईनं सांगितलं मला. रविवारी सकाळी मी इलेक्ट्रिशियन घेऊन येतो, त्याचे पैसे मी देईन.