चार मशीन्स नकोत ताई, दोनच घ्या, आणि तीही एकदम नाही

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. 24 खोल्या, 36 भाडेकरू, सगळ्यांना मिळून एक लाँड्री रूम, तिथलं घरगुती मशीन 14 महिन्यांत गेलं, आता विक्रेता म्हणतोय चार कमर्शियल (म्हणजे धंद्याच्या वापरासाठीची) टॉप-लोड घ्या आणि तुम्ही त्यासाठी एफडी मोडायला निघालात, कारण तो म्हणाला एफडीपेक्षा जास्त सुटेल. वर एक कंपनी म्हणतेय की मशीन्स आम्हीच फुकट लावतो, कमाईतला वाटा तुम्हाला देतो. म्हणजे काय करू, असा प्रश्न.

तुम्ही रजिस्टर ठेवलंत ते फार बरं केलंत, नाहीतर इथे सगळे अंदाजावर बोलतात. आठवड्याला 54 धुणी. म्हणजे त्या बिचाऱ्या मशीनने 14 महिन्यांत जवळपास 3,300 लोड काढले. घरात आठवड्याला 5 लोड धरले तर हे साडेबारा वर्षांचं काम झालं. तेव्हा मशीन खराब निघालं असं म्हणू नका, ते मेलं ते काम करून करून.

आता चार कशाला? टॉप-लोडला एक लोड साधारण 35 मिनिटं, वर कपडे काढायला विसरणाऱ्यांची 10 मिनिटं धरा (विसरतातच!), म्हणजे पाऊण तास. रूम 14 तास उघडी असेल तर एका मशीनवर दिवसाला 18 लोड बसतात. तुमची सरासरी आहे 8 च्या आत आणि सुट्टीच्या दिवशी 11. दोन मशीन्स असतील तर एक बंद पडलं तरी काम अडत नाही. चार घेतली तर प्रत्येकावर दिवसाला दोन लोडसुद्धा पडणार नाहीत, नुसती उभी राहतील.

परताव्याचं बघू. तुमच्याच आकड्यांवरून मशीन, पेमेंटचं यंत्र आणि फिटिंग मिळून एका मशीनचा खर्च म्हणजे भाडेकरूंकडून मिळणारे 1,200 धुण्यांचे पैसे. पण ते सगळे पैसे काही तुमचे नाहीत ना, पाणी, वीज, दुरुस्ती आणि पुढच्या मशीनसाठीची तरतूद जाऊन मी हातात 40 टक्के धरतो, म्हणजे वसूल व्हायला 3,000 धुणी लागतात. दोन मशीन्सवर हे सव्वादोन वर्षांच्या आत होतं, चारवर सव्वाचार वर्षं. धुणी तेवढीच राहणार हो, मशीन वाढवली म्हणून कोणी जास्त कपडे मळवत नाही. (रांग कमी झाल्यावर थोडी वाढतील, पण दुप्पट नाही.)

मग परत घरगुतीच का नको, ते अडीचपट स्वस्त आहे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दोन मशीन्समध्ये काम वाटलं तर एका घरगुती मशीनला 3,300 लोड गाठायला सव्वादोन-अडीच वर्षं लागतील, म्हणजे सात वर्षांत एकाच्या जागी तीन. कमर्शियलचं म्हणाल तर स्पीड क्वीनसारखी कंपनी आपली घरगुती टॉप-लोडसुद्धा 10,400 फेऱ्यांपर्यंत टेस्ट केल्याचं सांगते, आठवड्याला 27 लोड धरले तर तुमच्याकडे ती सात वर्षांच्या थोडी वर गेली. तीनपट विरुद्ध अडीचपट, म्हणजे नुसत्या किमतीत फार काही वाचत नाही. वाचतं ते दुसरीकडे. घरगुती मशीनची वॉरंटी अशा वापराला सहसा लागूच होत नाही. माझ्या एका क्लायंटकडे मेकॅनिक आला, भिंतीवरचा 'कपडे वेळेवर काढा, पुढचा थांबलाय' हा कागद वाचला, मशीन सगळे मिळून वापरतात हे ओळखलं आणि बॅग उघडलीच नाही. त्यात मशीन बंद पडलं की तुमचा फोन वाजणार तो वेगळाच. म्हणून माझं मत कमर्शियल.

एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. मधे मोठा दांडा फिरणारं टॉप-लोड एका लोडला 100 लिटर किंवा जास्तच पाणी घेतं, फ्रंट-लोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे टॉप-लोडला वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या पुढे, टाकी आणि ड्रेन झेपतं का ते आधी बघा. आणि गरम पाणी! 40 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला जवळपास 1.4 युनिट वीज जाते, मोटर त्यापुढे काहीच खात नाही. गरम पाण्याच्या धुण्याचा दर वेगळा ठेवा, नाहीतर ते 40 टक्के कुठे गेले कळणारही नाही. तरी टॉप-लोड नको असं मी म्हणत नाही, लोड लवकर होतो, वाकावं लागत नाही, राहिलेला मोजा मधेच टाकता येतो आणि दाराच्या रबरला बुरशीचा वास नाही. पाणी टँकरसारखं मोजून येत असेल तर मात्र फ्रंट-लोडचाच विचार करा.

फुकटवाल्या कंपनीचा कागद तुम्ही पाठवलात ते बरं झालं. त्यात बारीक अक्षरात लिहिलंय की दर मशीनमागे रोज 4 लोडचे पैसे आधी कंपनीचे, त्यावरचं झालं तर वाटणी. चार मशीन्स म्हणजे रोज 16 लोड, आणि तुमचे होतात 8! तुमच्या हातात काहीच येणार नाही आणि पाणी-वीज तुमचीच. करार सात वर्षांचा, वेळेत नोटीस दिली नाही तर आपोआप पुढे चालू. सही करू नका. दोन मशीन्स, किमान रकमेची अट काढलेली आणि तीन वर्षांचा करार असं देत असतील तर परत पाठवा, बघतो.

एफडीला हात लावू नका, चार महिन्यांत पिकतेय, आत्ता मोडून दंड कशाला भरायचा. भाड्याच्या खात्यात एका मशीनपुरते पैसे पडून आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर एक आत्ता घ्या, सुट्टीच्या दिवशीचे 11 लोडसुद्धा ते एकटं काढेल, संध्याकाळी थोडी रांग लागेल एवढंच. दुसरं एफडी पिकल्यावर, तेही त्यातल्या एका भागातून, बाकीची परत ठेवा. प्लंबर येईल तेव्हा तिसऱ्या मशीनचा नळ आणि ड्रेन काढून ठेवायला सांगा, नंतर फरशी फोडायला जास्त पैसे लागतात. आणि रजिस्टर चालू ठेवा, आठवड्याला 90 च्या वर जायला लागलं की मला लिहा.