तुरीचं नवं वाण काढायचंय म्हणते!

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. गेवराई तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. गेल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात तुरीला पाण्याचा ताण बसला, तेव्हापासून 'कमी पाण्यात जास्त पिकेल असं वाण मीच काढणार' म्हणते. लोक सांगतात बायोटेक करा. यात नोकरी आहे का? — एक पालक, बीड

उत्तर : लेकीला वनस्पती पैदासकार, म्हणजे पिकांची नवी वाणं काढणारी शास्त्रज्ञ, व्हायचंय. बायोटेकचं तूर्त बाजूला ठेवा. सीईटी देऊन सरकारी कृषी महाविद्यालयात चार वर्षं बी.एस्सी. कृषी, मग दोन वर्षं वनस्पती प्रजननशास्त्रात एम.एस्सी., पुढं पीएच.डी. सत्ताविशी गाठेल, हे धरूनच चाला.

कामही समजून घ्या. तुरीच्या न उमललेल्या कळीतले दहाही पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे, खुणेला दोरा बांधायचा. एवढं करून बऱ्याच कळ्या गळतातच! पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड, मर रोगाची बुरशी मुद्दाम जोपासलेल्या प्लॉटात पेरून कोण तगतं ते पाहणं, मग ठिकठिकाणी चाचण्या. वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन 711 हे तुरीचं वाण तुम्हाला माहीत असेल. साधारण 150 ते 155 दिवसांत काढणीला येतं, म्हणजे जमिनीतली ओल पुरती संपायच्या आत दाणा भरतो. कोरडवाहूत उत्पादन वाढतं ते बऱ्याचदा असं, पिकाचे दिवस कमी करून.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. जालन्यात बियाणे कंपन्या भरपूर, पण खासगी कंपन्यांचा ओढा कापूस, मका, भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याकडे. तुरीचं बी शेतकरी घरचं राखतो, दरवर्षी विकत घेत नाही. मग कंपनी पैसा कशाला घालेल? म्हणून कडधान्याचं काम मुख्यतः कृषी विद्यापीठं, कानपूरची भारतीय कडधान्य संशोधन संस्था आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था इथं चालतं. जागा मोजक्या, भरती रखडत होते. 'तूर म्हणजे तूरच' असा हट्ट नसेल तर मात्र वाट मोकळी आहे. हेच शिक्षण मक्याला, मिरचीलाही चालतं आणि एमपीएससीची कृषी सेवा आहेच.

दिवाळीच्या सुमारास तूर फुलात असते. बदनापूरला आधी फोन करून तिला घेऊन जा आणि चिमटा धरून एखादी कळी तिलाच सोलू द्या, जमतंय का बघा. सीईटीला पीसीबी, पीसीएम दोन्ही चालतं, त्यामुळं गणित सोडलं असेल तरी काळजी नको.