मेकर्स मार्कसारखी व्हीटेड (गहू घातलेली) बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, इतकी स्मूद का लागते? आणि ती कोकमध्ये घातली तर चालेल का?

चालेल. बाटली तुमची, कोकही तुमचाच. फक्त त्यासाठी मेकर्स मार्क फोडू नका. कोकमध्ये स्वस्तातली कुठलीही बर्बन तशीच लागते.

पण "स्मूद" हा शब्द वाचला आणि आमचे साडू आठवले. त्यांच्या मते घसा जाळत नाही ती व्हिस्कीच नाही. ते ओहायोला आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम केंटकीत लोरेटोला, मेकर्स मार्कच्या डिस्टिलरीत नेलं. गाडीत अखंड आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट स्कॉचचं कौतुक. तिथे सायप्रसच्या लाकडी टाक्यांत मॅश, म्हणजे दळलेल्या धान्याचा लगदा, आंबत असतो, त्यात बोट बुडवून चाखायला मिळालं. चक्क आंबट! साखर यीस्टने खाल्लेली असते. "मग ग्लासात गोडवा येतो कुठून?" साडूंनी विचारलं. ओकच्या पिंपातून, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपातून. व्हॅनिला, कॅरॅमल सगळं तिथलं. वरून रंगसुद्धा घालायची परवानगी नाही.

बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतोच. बाकीच्यात बहुतेक जण राय हे धान्य घालतात, तिची मिरी-दालचिनीसारखी धार शेवटी जिभेवर राहते. मेकर्समध्ये रायऐवजी 16 टक्के गहू आहे. गहू स्वतः फार बोलत नाही, म्हणून मका आणि लाकूड स्पष्ट कळतात. 1950च्या दशकात मेकर्स मार्क सुरू करणाऱ्या बिल सॅम्युअल्स थोरल्यांनी धान्याचं प्रमाण ठरवायला म्हणे वेगवेगळे ब्रेड भाजून पाहिले. व्हिस्की मुरायची वाट बघत बसले असते तर वर्षं गेली असती.

तर साडूंनी घोट घेतला आणि म्हणाले, "छान आहे, पण ही बायकांना द्यायची." शेजारी माझी मेहुणी, म्हणजे त्यांचीच बायको, उभी. ती लॅफ्रॉएग, आयलाचीच जहाल धुरकट स्कॉच, पाण्याशिवाय पिते. पुढचं लिहीत नाही.

मऊ म्हणजे कमजोर, हा शुद्ध अडाणीपणा आहे. फोडणीतून मिरची काढली म्हणून आमटी पातळ होत नाही. मेकर्स 45 टक्के अल्कोहोलची आहे, वेलर अँटिक ही दुसरी बर्बन 53.5ची, आणि तीही गव्हाचीच. 2013 साली मेकर्सने 45वरून 42 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं तेव्हा गिऱ्हाइकांनी इतका दंगा केला की कंपनीने काही दिवसांत निर्णय मागे घेतला. तीन टक्क्यांसाठी भांडणारे लोक हे. साडूंना हे मी तिथेच सांगितलं होतं, ते चॉकलेटांच्या काउंटरकडे निघून गेले.

पहिला घोट नुसता घ्या, तोंडात जरा थांबवा. मग चार थेंब पाणी. बर्फ हवाच तर एक मोठा तुकडा. चुरा घातलात तर दहा मिनिटांत सरबत होईल. भारतात असाल तर पॅपी व्हॅन विंकल या दुर्मिळ गव्हाच्या बर्बनच्या मागे लागू नका, अमेरिकेतही ती छापील किमतीला मिळत नाही. 2025मध्ये भारतात बर्बनवरचं आयात शुल्क 150वरून 100 टक्क्यांवर आलं, तरी बाटली महागच पडते.

हो, आणि मॅनहॅटन (व्हिस्की आणि व्हर्मूथ या मसालेदार वाइनचं कॉकटेल) करणार असाल तर राय व्हिस्की वापरा. गव्हाची बर्बन व्हर्मूथखाली दबते, तिथे ती तिखट धार लागतेच. चाखून झाल्यावर गाडी दुसऱ्याला द्या. आमची गाडी मेहुणीने नाही, माझ्या बायकोने चालवली.